सोबतीची जागा

माझी मुलगी चार वर्षांची होती तेव्हा तिच्या सोबतीला मी अकरा रात्री मुलांच्या वॉर्डात राहिले. वॉर्ड नुकताच नवा केलेला होता. एका भिंतीवर समुद्र रंगवलेला, त्यात केशरी मासे, दाराशी एक हसरं कासव. पहिल्या दिवशी आम्हा दोघींनाही त्या कासवाचं फार कौतुक वाटलं. रात्री नऊला दिवे मंद झाले आणि मी सिस्टरांना विचारलं, "मी कुठे झोपू?" त्यांनी ओशाळून खुर्चीकडे बोट दाखवलं. ताठ पाठीची, लोखंडी हातांची खुर्ची. तिच्यावर बसून झोप लागेना. खाली चादर अंथरली तर पहाटे ट्रॉली न्यायला वाट हवी म्हणून उठवत. तिसऱ्या रात्रीपासून मी कॉटचा कठडा खाली करून, कमरेपासून वरचं अंग मुलीशेजारी टेकवून पडायला लागले. एकदा सलाइनची नळी माझ्या कोपराखाली दबली, पंप ओरडायला लागला आणि अख्खा वॉर्ड जागा झाला.

त्या वॉर्डातल्या माणसांबद्दल माझी तक्रार नाही. त्यांनी माझी मुलगी बरी करून घरी पाठवली. पण ज्यांनी तो वॉर्ड आखला, त्यांच्या नकाशात मुलाशेजारी रात्र काढणारं माणूस नव्हतंच.

म्हणून मुलांचा वॉर्ड घरच्यांना आपलासा वाटेल असा करायची चर्चा निघते, तेव्हा माझं एकच म्हणणं असतं: आधी सोबतीची जागा करा. प्रत्येक कॉटशेजारी एका मोठ्या माणसाला पाठ टेकून आडवं होता येईल अशी जागा. तिच्यापुरते पैसे बाजूला काढल्यावर जे उरतील त्यातून रंग, चित्रं, खेळणी. हा क्रम उलटला की वॉर्ड देखणा होतो आणि आईबाप तिथे पूर्वीइतकेच उपरे राहतात.

हे ऐकून अनेकांना वाटतं की मी पालकांच्या आरामाबद्दल बोलते आहे. मी मुलाच्या उपचाराबद्दल बोलते आहे. आणि ही गोष्ट वैद्यकालाही सहजासहजी पटलेली नाही. १९४९ च्या सुमारास लंडनमधल्या मोठमोठ्या इस्पितळांचे मुलांना भेटण्याचे नियम आज वाचताना अंगावर काटा येतो. कुठे आठवड्यातून एकदा, रविवारी दुपारी दोन तास. कुठे भेट अजिबात नाही. एका ठिकाणी पहिला महिनाभर मुलाला भेटायचं नाही, संध्याकाळी सात ते आठ या वेळात झोपलेलं मूल लांबून पाहून जायचं. दुसऱ्या ठिकाणी तीन वर्षांच्या आतल्या मुलांना काचेआडून पाहायची मुभा. हे नियम दुष्टपणातून आले नव्हते. साथीच्या रोगांची भीती खरी होती. शिवाय आई येऊन गेली की मूल रडतं, आली नाही तर शांत असतं, असा वॉर्डातला रोजचा अनुभव होता. म्हणजे आईच्या येण्याने मुलाला त्रास होतो, असा निष्कर्ष निघाला.

त्या शांततेचा खरा अर्थ जेम्स रॉबर्टसन या समाजसेवकाने दाखवून दिला. जॉन बोल्बी या मानसोपचारतज्ज्ञासोबत काम करत असताना त्याने १९५२ साली एक छोटी फिल्म केली. अडीच वर्षांची मुलगी, हर्नियाची साधी शस्त्रक्रिया, आठ दिवस इस्पितळात, आईच्या सोबतीविना. आपल्या सोयीचे क्षण निवडल्याचा आरोप होऊ नये म्हणून त्याने दिवसातल्या ठरावीक वेळा आधीच पक्क्या केल्या आणि चौकटीत वॉर्डाचं घड्याळ दिसत ठेवलं. मुलांच्या वागण्यात त्याला तीन टप्पे दिसले होते. आधी आकांत, मग निराशा, आणि शेवटी अलिप्तपणा. त्या तिसऱ्या टप्प्यातलं मूल हसतं, खातं, कोणाच्याही कडेवर जातं. आई आली तर तिच्याकडे पाठ फिरवतं. वॉर्डात म्हणत, बाळ रुळलं. रॉबर्टसनचं म्हणणं होतं की ते रुळलेलं नाही, त्याने आईची आशा सोडली आहे. लंडनच्या रॉयल सोसायटी ऑफ मेडिसिनमध्ये ही फिल्म दाखवली तेव्हा सभागृहातले बरेच डॉक्टर आणि परिचारिका संतापले होते.

ज्यांना दिसायचं होतं त्यांना त्याआधीच दिसलं होतं. न्यूकॅसलमध्ये जेम्स स्पेन्स या बालरोगतज्ज्ञाने १९२० च्या दशकातच आजारी बाळांसोबत त्यांच्या आयांना इस्पितळात राहायला घेतलं होतं. पण एका इस्पितळातलं शहाणपण दुसऱ्यात आपोआप जात नाही. १९५९ साली ब्रिटनमध्ये सर हॅरी प्लॅट यांच्या समितीने अहवाल दिला: पालकांना भेटीची बंधनं नकोत, आणि लहान मुलांसोबत आईच्या राहण्याची सोय हवी. अहवाल निघाला, पण वॉर्ड बदलले नाहीत. १९६१ मध्ये लंडनच्या बॅटर्सी भागातल्या काही आयांनी एकत्र येऊन संघटना उभी केली. आपल्या इस्पितळात हा अहवाल पाळला जातो का, हे त्या जाऊन विचारू लागल्या. बदल पुढच्या दोन-तीन दशकांत, एकेका वॉर्डात, असा विचारणाऱ्यांच्या चिकाटीने झाला. सरकारी कागदाने दार उघडलं हे खरं, पण आत जाऊन बसल्या त्या आया.

हा इतिहास सांगायचं कारण म्हणजे आज भेटीचे नियम पुष्कळ सैल झाले असले तरी वॉर्डाची इमारत अजून त्या जुन्या काळात आहे. रांगेने मांडलेल्या कॉट, दोन कॉटमध्ये सिस्टरला उभं राहता येईल एवढीच फट, एका टोकाला टेबल, जिथून सगळी रांग नजरेत राहावी. ही रचना आईबाप आत नसतील हे धरून केलेली आहे. मग आपण आईबापांना आत घेतलं आणि फटीत खुर्ची सरकवली. भाषाही तीच राहिली. पास, भेटीची वेळ, 'नातेवाईकांनी बाहेर थांबावे'. जिने त्या मुलाचं दुखणं सगळ्यात आधी ओळखलं, ती वॉर्डाच्या पाटीवर नातेवाईक असते.

पालकांना खरोखर जागा दिली तर काय होतं, याचे पुरावे आता आहेत. स्टॉकहोममधल्या दोन इस्पितळांत वेळेआधी जन्मलेल्या ३६६ बाळांवर एक अभ्यास झाला, तो २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. निम्म्या बाळांच्या आईबापांना दाखल झाल्यापासून घरी जाईपर्यंत दिवसरात्र बाळाजवळ राहण्याची सोय होती. त्या बाळांचा इस्पितळातला मुक्काम सरासरी २७.४ दिवसांचा झाला, इतरांचा ३२.८. पाच दिवसांहून जास्त फरक, आणि त्यासाठी वेगळं औषध दिलेलं नव्हतं. खाट दिली होती.

त्याहून बोलका प्रयोग २०२१ चा. घाना, भारत, मलावी, नायजेरिया आणि टांझानियातल्या पाच इस्पितळांत एक किलो ते १.८ किलोच्या आतल्या बाळांना जन्मल्यावर लगेच आईच्या, किंवा आईला शक्य नसेल तर घरातल्या दुसऱ्या कोणाच्या, छातीशी ठेवलं. इतर बाळांना नेहमीप्रमाणे आधी यंत्रात ठेवून, प्रकृती स्थिरावल्यावर आईकडे दिलं. पहिल्या २८ दिवसांतले मृत्यू दुसऱ्या गटात १५.७ टक्के, पहिल्यात १२. फरक इतका स्पष्ट होता की प्रयोग वेळेआधीच थांबवला गेला. ही पद्धत मुळात १९७८ च्या सुमारास बोगोटातल्या एका इस्पितळात सुरू झाली, तीसुद्धा यंत्रं आणि जागा पुरत नव्हती म्हणून. पण या नव्या प्रयोगातली जी गोष्ट मला इथे महत्त्वाची वाटते ती बांधकामाची आहे. हे करायचं तर आईची खाट अतिदक्षता विभागात, बाळाच्या यंत्रांशेजारी न्यावी लागते. जिथे आईला पाच मिनिटं डोकावायला मिळे तिथे तिच्यासाठी खाट, तिचं स्वतःचं औषधपाणी, तिच्यासाठी न्हाणीघर करावं लागलं. एका खाटेची जागा बदलली की काय होतं, याचं याहून स्पष्ट उदाहरण मला माहीत नाही.

याच्या उलट बाजूचा एक अभ्यासही सांगायला हवा, कारण त्यातून नूतनीकरणाची मोठी चूक कळते. अमेरिकेत सेंट लुई इथे अगदी अपुऱ्या दिवसांच्या बाळांसाठी स्वतंत्र खोल्या होत्या. शांत, मंद उजेडाच्या, कोणालाही हव्याशा वाटतील अशा. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत दिसलं की त्या खोल्यांतली बाळं दोन वर्षांची झाल्यावर भाषेच्या चाचणीत सामायिक कक्षातल्या बाळांच्या मागे पडली. खोलीत बाळ एकटंच असेल तर ना आवाज, ना स्पर्श. सामायिक कक्षात निदान माणसांचं बोलणं तरी कानावर पडतं, असा त्यामागचा तर्क होता. म्हणजे खोली चांगली असून भागत नाही. त्या खोलीत माणूस राहू शकलं पाहिजे. आणि राहणं म्हणजे फक्त खाट नव्हे. कामावरून रजा मिळणं, घरच्या दुसऱ्या मुलाची सोय लागणं, जाण्यायेण्याचा खर्च परवडणं, हे सगळं त्यात आलं. त्यातलं बरंचसं इस्पितळाच्या हातात नसतं, पण काही नक्की असतं. रात्री फक्त आईलाच थांबता येईल हा नियम इस्पितळाच्याच हातातला आहे. माझ्या मुलीच्या बाबाला रोज आठ वाजता बाहेर काढलं जाई. सातव्या रात्री मला ताप होता, तरी आमची पाळी बदलू शकली नाही, कारण वॉर्ड 'बायकांचा' होता. बापाला रात्री राहता यावं म्हणून कॉटभोवती नीट पडदा आणि पुरुषांसाठी एक वेगळं स्वच्छतागृह लागतं. तेही नकाशातच ठरतं.

आता रात्रीबद्दल, कारण वॉर्ड पाहायला येणारी सगळी माणसं दिवसा येतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार रुग्णाच्या खोलीत रात्री आवाज ३० डेसिबलच्या आसपास असावा, म्हणजे कुजबुजीइतका. बहुतेक वॉर्ड त्याच्या जवळपासही नसतात. कचऱ्याच्या डब्याचं झाकण, ट्रॉलीचं एक वाकडं चाक, दाराची आपटणारी फळी, सलाइन संपल्यावर कोणी येईपर्यंत वाजत राहणारा पंप. आणि दिवे. एका मुलाचं ब्लड प्रेशर बघायला बटण दाबलं की बारा मुलांच्या डोळ्यांवर ट्यूबलाइट. प्रत्येक कॉटला स्वतंत्र छोटा दिवा, ट्रॉलीला रबरी चाकं, हळू मिटणारी झाकणं, आवाज शोषणारं छत, या गोष्टी फोटोत दिसत नाहीत. देणगीदाराचं नाव ट्रॉलीच्या चाकावर कोरता येत नाही, आणि मला वाटतं भिंतीवरची चित्रं नेहमी पहिला नंबर लावतात त्याचं अर्धं कारण हेच आहे. नावाची पाटी हवीच असेल तर ती पालकांच्या खाटेला लावावी. तिथे ती रोज कोणीतरी कृतज्ञतेने वाचेल.

चित्रांना माझा विरोध नाही. विरोध आहे तो मुलांना न विचारता काढलेल्या चित्रांना. २००८ मध्ये इंग्लंडमधल्या शेफील्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी चार ते सोळा वर्षांच्या अडीचशेवर मुलांना इस्पितळाच्या सजावटीबद्दल विचारलं. विदूषकांची चित्रं मुलांना आवडत नाहीत, मोठ्या मुलांनाही त्यांची भीती वाटते, असं पुढे आलं. कित्येक वर्षं मोठी माणसं मुलांना खूश करायला विदूषक रंगवत आली होती. आणि चौदा वर्षांच्या मुलाने सशांच्या आणि फुग्यांच्या भिंतीखाली आठवडा कसा काढायचा? त्याला दार हवं, मित्रांशी बोलायला कोपरा हवा, आणि आपण बाळ नाही हे कोणीतरी ओळखायला हवं. दुसरी गोष्ट, आडवं पडलेलं मूल भिंत बघत नाही, छत बघतं. स्ट्रेचरवरून शस्त्रक्रियेला जाणारं मूल तर फक्त छतच बघतं, एकामागून एक सरकणारे दिवे. रंगवायचंच असेल तर तिथे रंगवा. खिडकीबद्दलही हेच. रॉजर उलरिक यांचा १९८४ चा गाजलेला अभ्यास मोठ्या रुग्णांचा होता: पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेनंतर ज्यांच्या खिडकीतून झाडं दिसत ते विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामकं कमी लागली. तरीही बहुतेक मजल्यांवर सगळ्यात चांगली खिडकी कार्यालयाला मिळते.

यापेक्षा मोलाची एक खोली आहे, जिचा खर्च फार नाही. सुई टोचणं, ड्रेसिंग, टाके काढणं, म्हणजे जे जे दुखतं ते, कॉटवर न करता शेजारच्या वेगळ्या खोलीत करायचं. कॉट ही मुलाची सुरक्षित जागा राहिली पाहिजे. माझ्या मुलीचं ड्रेसिंग कॉटवरच होई. चौथ्या दिवसापासून पडदा ओढल्याचा आवाज आला की ती ताठ होई, तो पडदा शेजारच्या बाळासाठी ओढलेला असला तरी. त्या वेगळ्या खोलीत एक रुंद, हात नसलेली खुर्ची हवी, म्हणजे मूल आईच्या किंवा बाबाच्या मांडीवर, छातीला छाती लावून बसेल आणि हात मागून सिस्टरांच्या हाती देता येईल. चौघांनी आडवं दाबून धरलेलं मूल आणि मांडीवर कवटाळलेलं मूल, सुई एकच असते. पुढच्या वेळी ते मूल त्या खोलीत चालत जाईल की फरफटत, ते इथे ठरतं.

आणि पालकांसाठी एक दार बंद होणारी लहान खोली. वाईट बातमी जिन्यात सांगितली जाते तेव्हा ऐकणाऱ्याला रडायलाही आडोसा नसतो.

आक्षेप येतात आणि त्यातले काही खरे आहेत. संसर्गाचा आक्षेप मी गंभीरपणे घेते. ज्याला सर्दी-ताप आहे त्याने आत येऊ नये, हात धुवावेत, एका वेळी एकच माणूस असावं, हे सगळं मान्य. पण त्यासाठी बेसिन कॉटपासून चार पावलांवर लागतं; मजल्याच्या टोकाला असलेल्या बेसिनपर्यंत रात्री तीनदा कोणी जात नाही. जागेचा आक्षेपही खरा आहे. प्रत्येक कॉटशेजारी खाट ठेवली तर वॉर्डातल्या कॉट कमी होतात, आणि रांगेत थांबलेल्या मुलांना नाही म्हणणं सोपं नसतं. याला माझ्याकडे बिनदुखीचं उत्तर नाही. भिंतीला मिटणारं बाक, दिवसा आसन आणि रात्री अंथरूण, हा मधला मार्ग आहे आणि तो बऱ्याच ठिकाणी वापरतात.

सिस्टरांचा एक आक्षेप मात्र कोणी मोठ्याने बोलत नाही. सतत डोळ्यांसमोर पालक असले की प्रत्येक हालचालीची झडती घेतल्यासारखं होतं. हे मी मान्य करते. म्हणून त्यांनाही पालकांच्या नजरेबाहेर बसायला, पाणी प्यायला, डोळे पुसायला एक जागा हवी, आणि ती याच नूतनीकरणात हवी. पालकांची खाट आणि सिस्टरांची खोली यांत एकीचा बळी देऊन दुसरी उभी करू नये. त्याला जोडून एक इशारा. एस्टोनियातल्या टालिनमध्ये १९७९ साली आडिक लेविन या डॉक्टरांनी नवजात बाळांची देखभाल आयांच्या हाती सोपवली, त्यामागे परिचारिकांचा तुटवडा हे मोठं कारण होतं. बाळांचं त्यातून भलं झालं. तरीही पालक आत आले म्हणून परिचारिकांच्या जागा कमी करायच्या, हा हिशेब कोणी मांडला तर त्याला ठाम विरोध करायला हवा. आई तिथे आई म्हणून असते. पंप वाजल्यावर काय करायचं हे तिला माहीत नसतं, आणि माहीत असायची गरज नाही.

जे पालक राहू शकत नाहीत त्यांचं काय, हा प्रश्न मला सगळ्यात जड वाटतो. शेजारच्या कॉटवरच्या मुलाची आई दिवसभर कामावर असे आणि रात्री अकराला येई. तिच्या चेहऱ्यावर कायम अपराधीपणा असे. रिकामी खाट ही तिच्यावरची टीका ठरू नये. अशा मुलांसाठी वॉर्डात खेळाचं काम करणारं प्रशिक्षित माणूस हवं, नेमलेलं, पगारी, रोज येणारं. मुलाच्या खेळण्याच्या हक्काला संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क संहितेत स्वतंत्र कलम आहे, आणि आजारी मूल त्यातून वगळलेलं नाही.

डिस्चार्जच्या दिवशी माझ्यासमोर एक फॉर्म आला. वॉर्ड कसा वाटला? मी 'उत्तम' वर खूण केली. मुलगी बरी होऊन माझ्या कडेवर होती, समोर त्याच सिस्टर उभ्या होत्या आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा दाखवायला यायचं होतं. दुसरं काय लिहिणार? म्हणून नूतनीकरणाआधी पालकांना विचारायचं असेल तर महिन्याभराने, त्यांच्या घरी फोन करून विचारा. रात्रपाळीच्या सिस्टरांना विचारा. लादी पुसणाऱ्या मावशींना विचारा. कोणती आई कुठे, कशी अंग टाकून झोपते हे त्यांच्याइतकं कोणी पाहिलेलं नसतं. आणि आराखडा मंजूर करणाऱ्यांपैकी निदान एकाने जुन्या वॉर्डातल्या त्या खुर्चीवर एक अख्खी रात्र काढावी, संध्याकाळी आठ ते सकाळच्या राउंडपर्यंत. नवा आराखडा त्याच सकाळी, झोप न झालेल्या डोळ्यांनी उघडावा, आणि कॉटशेजारी सहा फूट लांब, अडीच फूट रुंद चौकट आखलेली आहे का ते पाहावं.